बोबड्या बोलांची बखर

सेनगांवास आमच्या ओसरीवर सध्यां एका अडीच वर्षांच्या राज्यकर्तीची सत्ता चालू आहे. सकाळीं डोळे चोळीत उठल्यावर तिचें पहिलें फर्मान वहाणांविषयीं निघतें. घरांतील सर्व माणसांच्या वहाणा उंबऱ्यापाशीं एका ओळींत लागल्या पाहिजेत, आणि त्या ओळींत आजोबांची जोडी पहिली असली पाहिजे. आजोबा शेताकडे निघून गेले म्हणजे ओळीचें पहिलें स्थान रिकामें राहतें. परंतु तें दुसऱ्या कोणाच्या जोड्यानें भरण्यास तिची सक्त मनाई आहे. दुसरें फर्मान दुधाच्या पेल्यासंबंधीं असतें. पेला कोणता, तो कोणीं द्यावयाचा, आणि दिल्यावर कोणीं तिच्याकडे पाहावयाचें नाहीं, हें सर्व ठरलेलें आहे. मात्र काल ठरलेलें आज चालेलच असा भरंवसा नाहीं. "मीच" हा शब्द तिनें गेल्या श्रावणांत प्रथम उच्चारला, आणि तेव्हांपासून आमच्या घरांतील कर्तरि प्रयोग सगळा तिच्या एकटीच्या मालकीचा झाला आहे.

ह्या गोष्टी मी एका दोनशें पानी वहींत टिपून ठेवतों. प्रारंभीं ती केवळ बापाची हौस होती. पुढें एके दिवशीं सहज मनांत आलें कीं, आपल्यापूर्वीं मराठी मुलखांत कोणीं आपल्या तान्ह्याची अशी वही ठेविली होती काय? आपल्या भाषेला सात-आठशें वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्यांत राजे आहेत, संत आहेत, लढाया, तह आणि दुष्काळ आहेत. दीड-दोन वर्षांचें मूल त्यांत कोठें आहे? हा प्रश्न घेऊन हिंडतांना जें हातीं लागलें तें येथें मांडतों. विषय इतिहासाचा आहे. मधूनच माझी वही डोकावली तर वाचकांनीं बापाला क्षमा करावी.

बखरकारांकडे प्रथम जावें, तर ते लहान मुलाला ओळखतच नाहींत. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामीं, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, शिवचरित्र लिहिलें. शिवनेरीवर जन्मलेलें तें मूल केव्हां रांगूं लागलें, कशासाठीं हटून बसे, कोणत्या शब्दापाशीं अडखळे, ह्याविषयीं तेथें अवाक्षर नाहीं. महाराज त्या बखरींत जवळजवळ जाणते होऊनच प्रवेश करतात. जिजाबाईंना हें सारें ठाऊक असलेंच पाहिजे. पण त्यांना विचारून लिहावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं; तें लिहिण्याजोगें आहे हीच कल्पना त्या काळीं नव्हती.

मराठेशाहींत एकच तान्हें मूल असें झालें कीं ज्याच्यावर साऱ्या दौलतीची नजर खिळली होती. नारायणराव पेशव्याचा खून १७७३ च्या ऑगस्टांत झाला. पुढच्या वर्षीं, १८ एप्रिल १७७४ रोजीं, पुरंदरावर त्याच्या विधवेच्या पोटीं पुत्र जन्मला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या अर्भकाला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. सवाई माधवरावाच्या पाळण्याच्या दोरीला बारभाईंचें सगळें राजकारण बांधलेलें होतें. त्याच्या जिवाची काळजी वाहणारे डोळे शेंकडों असतील. पण बाप जन्मापूर्वींच गेलेला, आणि आई गंगाबाई १७७७ सालीं, मूल तीन वर्षांचें असतां वारली. राखण करणाऱ्याची नजर निराळी आणि कौतुकाची नजर निराळी. पहिलीला मूल जगलें म्हणजे पुरतें. मूल कसें आहे हें दुसरीलाच दिसतें. त्या पोराला दुसरी नजर किती लाभली असेल, असें एकविसाव्या वर्षीं, १७९५ त, शनिवारवाड्यांत झालेला त्याचा अंत वाचतांना मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

कवींकडे वळलें तर चित्र अगदींच पालटतें. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत कालिदासानें दिलीपाचें पितृसुख वर्णिलें आहे. दाईनें आधीं उच्चारलेला शब्द मूल मागून उच्चारतें, तिचें बोट धरून चालतें, नमस्कार करण्यास शिकविलें कीं वांकतें, आणि बाप तेवढ्यानें आनंदून जातो. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याचे दांत मोजूं पाहणारा हट्टी पोरगा दुष्यंताला भेटतो. तो आपलाच मुलगा आहे हें ठाऊक नसतांही मुलांच्या अंगावरील धुळीनें ज्यांचीं अंगें मळतात त्यांचा त्याला हेवा वाटतो. आमच्या ज्ञानेश्वरमहाराजांनीं १२९० सालीं नेवाशास गीतेवर निरूपण केलें. नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांचें प्रेम वर्णन करतांना त्यांना दृष्टान्त सुचला तो तान्ह्याचाच: मूल बोबडें बोलतें, वेडींवांकडीं पावलें टाकतें, आणि आई त्याचेंच कौतुक मानते. महाराज अविवाहित होते. पण घरांत धाकटी बहीण मुक्ताबाई होती हें विसरूं नये. वेडींवांकडीं पावलें पाहिल्यावांचून इतकें नेमकें लिहितां येतें, असें मला वाटत नाहीं.

नामदेवांचें नांव तर आम्हां ह्या भागांतील लोकांस घरचें आहे. कयाधू नदीच्या कांठची नर्सी सेनगांवाहून फार दूर नाहीं, आणि १२७० सालीं नामदेवांचा जन्म येथेंच झाला असें आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. जन्मस्थान पंढरपूर मानणारी परंपराही आहे, आणि तिच्याशीं भांडण्याचें हें स्थळ नव्हे. दामाशेटी शिंपी आणि गोणाई ह्यांचा हा मुलगा. त्याच्या बालपणाची जी कथा सर्वांच्या तोंडीं आहे ती हट्टाची आहे. बाप परगांवीं गेलेला. नैवेद्य घेऊन पोर देवळांत गेलें. देव जेवीना म्हणून रडून, डोकें आपटून घेण्यापर्यंत हटून बसलें. आणि अखेर देवाला जेवावें लागलें. भाविकांस ह्यांत भक्ति दिसते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याच्या घरीं लहान मूल आहे अशा माणसाला ह्या कथेंत आणखीही एक गोष्ट ओळखीची वाटेल. बाप नैवेद्य दाखवितो तेव्हां देव जेवतो असें त्या पोरानें ऐकलें होतें, तें त्यानें अक्षरशः खरें मानलें. आमच्या घरीं आजोबांची वहाण पहिली, म्हणजे पहिलीच. मुलाला "जवळजवळ" आणि "तसें म्हणावयाचें असतें" हे शब्द ठाऊक नसतात.

मात्र संतचरित्रकार हीं मुलांचीं चरित्रें लिहीत नव्हते. ताहाराबादच्या महीपतींनीं १७६२ त भक्तविजय पुरा केला. त्यांत तर नामदेव भीमेच्या प्रवाहांत शिंपल्यांत सांपडल्याची कथा आहे. जेथें जन्मच अलौकिक झाला तेथें दांत येणें, पडणें, धडपडणें ह्यांस जागा कोठली! गोणाईचा शब्द मात्र नामदेवांच्या गाथेंत आजही ऐकूं येतो. माझा मुलगा मला परत दे, म्हणून ती विठ्ठलाशीं उघड उघड भांडते. सगळ्या संतवाङ्मयांत देवाशीं इतकें घरगुती भांडण फार थोड्यांनीं केलें असेल.

एका मुलाचें दिवसावारीनें निरीक्षण करून तें छापण्याची कल्पना युरोपांतली, आणि तीही फार जुनी नाहीं. जर्मनींतील तत्त्वज्ञ टीडेमान ह्यानें १७८१ त जन्मलेल्या आपल्या मुलाचीं निरीक्षणें १७८७ सालीं प्रसिद्ध केलीं. पण ह्या वाङ्मयांतला सर्वांत गोड ग्रंथ—ग्रंथ कसला, कांहीं पानांचा निबंधच—चार्ल्स डार्विनचा आहे. त्याचा पहिला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजीं जन्मला, आणि बापानें लगेच वही उघडली. सातव्या दिवशीं मुलाच्या तळव्याला कागदाचा तुकडा लावून पाहिला, मुलानें पाय झटकन ओढून घेतला, नोंद झाली. ही वही सदतीस वर्षें तशीच पडून होती. तेन ह्या फ्रेंच पंडितानें आपल्या मुलीच्या भाषेविषयीं लिहिलेला लेख इंग्रजींत आला, तो वाचून डार्विनला आपली वही आठवली, आणि १८७७ त "माइंड" ह्या त्रैमासिकांत त्यानें तिचा सार छापला.

ह्या लेखांतील दोन प्रसंग मी आमच्या घरीं वाचून दाखविले, तेव्हां घरांतल्या कोणालाही ते इंग्लंडांतले वाटले नाहींत. विल्यम दोन वर्षें तीन महिन्यांचा झाला तेव्हां राग आला कीं हातीं येईल तें पुस्तक किंवा काठी समोरच्यावर भिरकावण्यांत पटाईत झाला होता. पुढें अडीच वर्षें ओलांडल्यावर एकदां तो जेवणाच्या खोलींतून बाहेर येतांना बापाला भेटला. अंगावरचें वस्त्र काळजीपूर्वक गुंडाळून धरलेलें. त्यांत काय आहे असें विचारतां "कांहीं नाहीं" असें उत्तर आलें, आणि वर बापालाच "जा" म्हणून पुन्हांपुन्हां हुकूम झाला. वस्त्र उघडून पाहिलें तर तें लोणच्याच्या रसानें माखलेलें! उत्क्रांतीचा सिद्धान्त ज्याच्या डोक्यांत घोळत होता त्या माणसाला घरांत ही लोणच्याची चोरी टिपून ठेवावीशी वाटली, हें मला त्याच्या मोठेपणाचें लक्षण वाटतें. आमच्याकडे लोणच्याच्या जागीं गूळ आहे. मूठ मिटलेली, ओठ चिकट, आणि मुद्रा अत्यंत गंभीर. "हातांत काय आहे?" "हात आहे." ह्या उत्तरावर न्यायशास्त्र्याचेंही कांहीं चालणार नाहीं.

आणखी एक योगायोग असा. एक वर्षाचा होतांच विल्यमनें खाण्याच्या पदार्थासाठीं स्वतःचा एक शब्द बनविला, तो होता "मम्". पुढें साखरेसाठीं त्याला जोड देऊन त्यानें सामासिक शब्दही तयार केले. मराठी घरांत "मंमं" म्हणजे काय हें वाचकांस सांगावयास नको. विल्यमनें तो शब्द आपण होऊन काढला ह्याचें डार्विनला नवल वाटलें होतें. आमच्याकडे तो आजीच्या तोंडून नातीच्या तोंडीं जातो, म्हणून त्याचें कोणालाच नवल नाहीं. पण त्या आजींत पहिली आजी कोण, आणि तिनें तो कोणत्या मुलाकडून उचलला, हें कोणीं सांगावें? ओठ मिटून उघडले कीं होणारा हा आवाज एकाच वेळीं आईचा आणि अन्नाचा होऊन बसला, ह्यांत मला आश्चर्याहून समाधान अधिक वाटतें.

डार्विनविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. त्याची लाडकी मुलगी ॲनी १८५१ च्या एप्रिलांत, वयाच्या दहाव्या वर्षीं वारली. त्यानंतर आठवडाभरांतच त्यानें ती कशी होती हें एका टिपणांत लिहून काढलें. तिचा आनंदी स्वभाव, तिच्या लकबी, तिचें वागणें. तें छापण्यासाठीं लिहिलेलें नव्हतें. आठवण पुसट होण्याआधीं ती पकडून ठेवावी, एवढाच हेतु.

डार्विननंतर ह्या विषयाला शास्त्राचें रूप आलें. येना येथील प्रायर ह्यानें आपल्या मुलाचें तीन वर्षें रोजच्या रोज निरीक्षण करून १८८२ त ग्रंथ लिहिला. क्लारा आणि विल्यम श्टेर्न ह्या जर्मन दांपत्यानें १९०० पासून आपल्या तीन मुलांच्या दैनंदिन्या वर्षानुवर्षें ठेविल्या, आणि त्यांतून १९०७ त मुलांच्या भाषेवरील पुस्तक निघालें. त्या दैनंदिन्यांचें लेखन बहुतांशीं क्लाराबाईंचें होतें. जगाला नांव माहीत आहे तें मुख्यतः पतीचें.

मग आमच्याकडे कोणींच कां लिहिलें नाहीं? ह्याचें उत्तर मला कोणत्याही ग्रंथालयांत मिळालें नाहीं. तें घरींच मिळालें, आणि तेंही रागाच्या भरांत. मी वही लिहीत बसलेला पाहून माझ्या मातोश्री एके दिवशीं म्हणाल्या, "लेकराचं असं रोज रोज लिहूं नये बाबा. नजर लागती." मीं हंसून सोडून दिलें. त्या हंसल्या नाहींत.

मागाहून विचार करतां त्यांच्या बोलण्यांतला इतिहास ध्यानांत येऊं लागला. आपल्याकडे मुलाविषयींचें पहिलें लेखन सटवाई करते. जन्मानंतर पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं ती येऊन कपाळावर लिहून जाते; पुष्कळ घरीं तिच्यासाठीं कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे. एकदां तिनें लिहिल्यावर घरच्यांनीं पुन्हां लेखणी उचलणें म्हणजे अधिक्षेपच. आणि तिनें काय लिहिलें असेल ह्याचें भय खोटें नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश हिंदुस्थानांत हजार जन्मांमागें सुमारें दोनशें मुलें पहिला वाढदिवस पाहत नसत. पाठोपाठ मुलें जात त्या घरांत पुढच्या मुलाचें नांव धोंडू, दगडू, केरू असें ठेवीत; म्हणजे मृत्यूला वाटावें कीं ह्यांत नेण्यासारखें कांहीं नाहीं. गालाला काजळाची तीट, दंडांत काळा दोरा, "छान आहे" म्हणण्याची चोरी. ज्या आईबापांना मुलाचें वजन मोठ्यानें बोलण्याचीही धास्ती, ते त्याच्या लीला लिहून काय ठेवणार! युरोपांतही मुलें मरत. डार्विनच्याच दहांतील तीन मुलें बालपणीं गेलीं. परंतु त्याच्या आणि मृत्यूच्या मध्यें एक वही उभी होती, आमच्या आणि मृत्यूच्या मध्यें काजळाचा एक ठिपका.

आणि तरीही, नोंद झालीच नाहीं हें म्हणणें खरें नव्हे. ती कागदावर झाली नाहीं, जात्यावर झाली. पहांटे पुरुष निजलेले असत तेव्हां बाया दळत, आणि दळतां दळतां मुलाचें रांगणें, त्याचे वाळे, त्याचें अंगडें-टोपडें, अंगणांत त्यानें मांडलेला पसारा, त्याचा हट्ट, त्याला लागलेली दृष्ट, सर्व ओवींत येई. मुलगा राघू होई, मुलगी मैना होई. दृष्ट लागूं नये म्हणून दिवसा जें बोलावयाचें नाहीं, तें पहांटे जात्याच्या घरघरींत बोलतां येई. साने गुरुजींनीं ह्या ओव्या जमवून "स्त्री-जीवन" मध्यें दिल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनीं गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून "पारी" ह्या संस्थेनें त्या लोकांपुढें मांडण्यास प्रारंभ केला. जगांत एवढें मोठें बालनिरीक्षण दुसरीकडे झालें असेल कीं नाहीं ह्याची मला शंका आहे. दोष एकच: ओवीमध्यें प्रत्येक बाळ हें बाळच असतें. एकाच ओवीनें दहा बायांचीं दहा पोरें गाइलीं जातात. लोणचें चोरणारा विल्यम त्यांत सांपडत नाहीं. पिठाची गिरणी आली आणि जातीं कोपऱ्यांत गेलीं, तेव्हां दळणाचे कष्ट वांचले ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पण ती नोंदवही तिथेंच मिटली.

कागदावर मराठी मूल शोधतांना आधुनिक काव्यांत दत्तकवि भेटतात. अहमदनगरच्या दत्तात्रेय कोंडो घाट्यांनीं अंगाई लिहिली, ती अजून घरोघरीं ठाऊक आहे. ते १८९९ त वारले, वय चोवीसच्या आंत. त्यांचा मुलगा तेव्हां चार वर्षांचा होता. हाच मुलगा पुढें वि. द. घाटे झाला, आणि आचार्य अत्र्यांसह त्यानें नवयुग वाचनमाला तयार करून महाराष्ट्रांतील पोरांच्या हातीं दिली.

मुलाचें निरीक्षण हें शिक्षणाचें काम आहे, ही गोष्ट आपल्याकडे रुजविली ती ताराबाई मोडकांनीं. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई बधेकांच्या सोबतीनें त्यांनीं माँटेसरीबाईंची पद्धति ह्या मातींत आणली. आणि १९४५ पासून बोर्डीस, पुढें १९५७ पासून कोसबाडास, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, शाळेंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणांतच शाळा नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे. १९७५ च्या गांधीजयंतीस सुरू झालेल्या बालविकास योजनेनें तो देशभर नेला. आमच्या सेनगांवच्या मुलीचेंही वजन अंगणवाडींत होतें. ताई तें रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यावर ठिपक्यानें दाखवितात. महाराष्ट्रांतील बालमृत्यूचा आंकडा आज हजारीं विसांच्या खालीं आला, त्यांत ह्या ठिपक्यांचाही वांटा आहे, आणि त्यांपुढें माझी वही फार हलकी आहे हें मी जाणतों. दिवाळीनंतर मराठवाड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांत संसाराच्या गाठोड्यांवर बसलेलीं तान्हीं दिसतात. त्यांचा ठिपका चार-पांच महिने कोणत्या तक्त्यावर पडतो, हा प्रश्न कोणत्याही बखरीहून निकडीचा आहे. त्यांच्यांतही कोणी वहाणा ओळीनें लावणारी असेल, आणि उसाच्या फडांत कोणाच्या वहाणा ती लावीत असेल.

मातोश्रींचा राग महिनाभर टिकला. मग गेल्या आठवड्यांत, दिवेलागणीच्या वेळीं, मुलगी त्यांच्या मांडीवर निजत होती. झोपेंत दुसऱ्या माणसाच्या कानाची पाळी चिमटींत धरावयाची, ही तिची खोड. वहींत ती बाराव्या पानावर आहे. मातोश्री कितीतरी वेळ मान न हलवितां बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याची बी हीच खोड होती."

माझ्या आधीं एक भाऊ होऊन गेला एवढेंच मला माहीत होतें. त्याचें छायाचित्र नाहीं, टिपण नाहीं, जन्माचा दाखला नाहीं. घरांत त्याचें नांव कोणी घेत नसे. तो कानाची पाळी धरल्याशिवाय निजत नसे. त्याला पावसाची भीति वाटे, पण पन्हाळीखालीं उभें राहावयाचें असे. "पाणी" ह्याला तो "नानी" म्हणे. दोन वर्षांचा झाला होता. हें सारें मातोश्रींनीं पन्नास वर्षांनीं एका दमांत सांगितलें, आणि म्हणाल्या, "लिही."

मीं वहीचें शेवटचें पान उघडून लिहून घेतलें. तारीख विचारली, त्यांना आठवली नाहीं, कापूस वेचणीचे दिवस होते एवढें आठवत होतें. तेंच वर लिहिलें. सकाळीं उठून पाहतों तों वही ओसरीवर उघडी पडलेली, आणि त्या पानावर आडव्या-उभ्या निळ्या रेघा ओढून आमच्या राज्यकर्तीनें आपला शिक्का उमटविलेला. मीं वही उचलूं लागलों, तर फर्मान निघालें, "मीच."